मे महिन्यातच नागपूर का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी राहतो त्या कॅनडातल्या एडमंटनची मराठी मंडळी असोत, पुण्याचे नातेवाईक असोत, की नागपूरच्या विमानतळाबाहेरचा टॅक्सीवाला, सगळ्यांचा प्रश्न एकच: घरी यायचं तर नेमकं मे महिन्यातच का? शाळेतला मित्र तर एवढ्या सभ्यपणे विचारतही नाही. "काहून आला बे एवढ्या उन्हात? मरतो का?"

प्रश्न चुकीचा नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्रावर ५६ आकडा दिसला. एडमंटनच्या सहकाऱ्यांनी काळजीने ती बातमी मला पाठवली. यंत्रात दोष होता, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. पण खुलासा येईपर्यंत तो आकडा मावशीला पटलेला होता. बरं, कॅनडाच्या थंडीला कंटाळून उन्हात पळून येतो म्हणावं तर तेही नाही. मे महिन्यात तिकडे बर्फ जाऊन झाडांना नुकती पालवी फुटलेली असते. वर्षभर वाट पाहावी असा तो महिना.

डिसेंबरात यायचो की आधी! थंडी गोड, आंबिया बहाराची संत्री बाजारात, शेतावर हुरडा. पण डिसेंबरात नागपूर कुणाला सापडत नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, मोर्चे असतात, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी बंद होतील नेम नाही. त्यात लग्नं. ज्यांना भेटायला एवढ्या लांबून आलो, ते सगळे एखाद्या लॉनवर हातात ताट घेऊन भेटायचे. "कधी आला? किती दिवस आहे?" एवढं होईतो मागून डीजे सुरू. परतलो की फोटो भरपूर असायचे, बोलणं काहीच झालेलं नसायचं.

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच कुणी घराबाहेर पडत नाही. मी मावशीकडे, महाल भागात उतरतो. घर जुनं, खिडकीत लोखंडी कूलर, त्यात नव्याने भरलेला वाळा. रस-पोळी, सोबत तळलेल्या कुरडया, आणि मग फरशीवर सतरंजी टाकून सगळे आडवे. झोप कुणालाच धड लागत नाही. साधारण तीन वाजता कुणीतरी कुशीवर वळतं आणि म्हणतं, "बाबू, तुले माहीत नसंल, पण…"

आजीने तिच्या भावाशी बोलणं का सोडलं, शेत कुणाच्या सहीने गेलं, काकांनी रेल्वेची नोकरी का नाकारली, हे मला सगळं अशा दुपारी कळलं. दोन तासांसाठी आलेल्या पाहुण्याला लोक बातम्या सांगतात. बाहेर लू चालू आहे आणि हा काही आता उठून जात नाही, अशी खात्री पटली की मग जुन्या गोष्टी निघतात. ताडोब्याला जाणारे हौशी लोकही मे महिन्यातच येतात, कारण तहानेपायी वाघाला पाणवठ्यावर यावंच लागतं. त्यांना मात्र कुणी वेड्यात काढत नाही.

"मग गाव बदललं की नाही?" हा पुढचा प्रश्न. मित्राने हौसेने वर्धा रोडचा दुमजली पूल दाखवला: खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याही वर मेट्रो. छान आहे. मेट्रोत मी बसतो, गारही असते. पण मला जाणवलेला बदल वेगळाच आहे.

कूलर चालतो तो बाहेरच्या कोरड्या हवेवर. ओल्या वाळ्यातून ती आत ओढायची, म्हणजे ती बाहेर जायलाही वाट हवी. म्हणून समोरचं दार किलकिलं ठेवावं लागतं. दार उघडं, म्हणून शेजारची काकू "झोपले का वं सगळे?" म्हणत पन्ह्याचा गडवा घेऊन आत येते. एसीला हे चालत नाही. त्याला फट दिसली की बिल वाढतं. बेसा रोडला मित्राचा फ्लॅट आहे. तिथे दुपारी जो तो आपापल्या खोलीत, दारं घट्ट लावून. मित्राला नावं ठेवत नाही. त्याचे वडील ऐंशीच्या पुढचे, आणि रात्रीसुद्धा भिंती निवत नाहीत. मीही तिथे गाढ झोपलो. पण चार दिवसांत त्याच्या वडिलांशी माझं जेवणाच्या टेबलावर झालं तेवढंच बोलणं. पूर्वी हेच काका संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून बाजा टाकायचे आणि रात्री अकरापर्यंत आम्हाला ग्रह दाखवायचे.

मावशीकडेही मावसभाऊ एसीचं म्हणतोय. लावायलाच हवा, तिचं वय झालंय, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तिचे फार हाल होतात. मी फक्त एवढंच म्हटलं, की आतल्या खोलीत लाव, बाहेरच्या खोलीतला कूलर काढू नको. तो म्हणाला, "तू येतो पंधरा दिवस, बिल मी भरतो." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्हाला यायचं असेल, तर नागपुरात कुणी आपलं माणूस असेल तरच मे महिन्यात या. फक्त जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत परत फिरा. एकदा हवेत दमटपणा आला की कूलर नुसतंच ओलं वारं फेकतो, अंग चिकचिक होतं, आणि मग कुणाचंच कुणाशी गोड बोलणं होत नाही. आपलं असं कुणी नसेल, तर डिसेंबरच बरा. संत्री तरी मिळतील.