अंतरपाट खाली आला आणि फ्लॅश लागला नाही

नंदगडच्या बाजूला एका लग्नात अंतरपाट खाली आला, त्या क्षणाचे माझ्याकडे चार फोटो आहेत आणि चारही अंधारे आहेत. मांडवाच्या दोन कोपऱ्यांत स्टँडवर दोन फ्लॅश होते, कॅमेऱ्यावर ट्रिगर, म्हणजे बिनतारी सिग्नल देऊन फ्लॅश लावणारा ट्रान्समीटर, आणि प्रत्येक फ्लॅशला तो सिग्नल घेणारा रिसीव्हर. सकाळी घरच्या मंडळींचे फोटो निघाले तेव्हा काही तक्रार नव्हती. मंगलाष्टकं सुरू झाली तसा लांबचा फ्लॅश मधूनमधून चुकायला लागला आणि शेवटच्या 'सावधान'ला दोन्ही गप्प. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. पुन्हा अंतरपाट धरा म्हणून कुणाला सांगणार?

त्या रात्री शहापुरात घरी येऊन सगळं सामान टेबलावर मांडलं. फ्लॅशचं स्वतःचं टेस्ट बटण दाबलं, लख्ख लागला. म्हणजे फ्लॅश चांगला. मग ट्रिगर हातात घेऊन तीन फुटांवरून दहा वेळा दाबलं, दहाही वेळा लागला. व्हरांड्याच्या टोकाला, साधारण पंचवीस फुटांवर गेलो, तर दहातले तीन. जवळून लागतो आणि लांबून चुकतो, तेव्हा बहुधा कॅमेऱ्यावरच्या ट्रान्समीटरचा जोर कमी झालेला असतो. हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पण सेल महिन्याभरापूर्वीच घातलेला. माझा ट्रिगर जुन्या पद्धतीचा आहे, त्यात दारावरच्या बेलच्या रिमोटला असतो तो 12 व्होल्टचा 23ए सेल लागतो. मीटर लावला तर 11.6. सेल ठीक आहे असं समजून मी तो बाजूला ठेवला आणि दोन संध्याकाळी भलतीकडेच घालवल्या. चॅनेल बदलले, रिसीव्हर आलटून पालटून पाहिले.

एका रिसीव्हरच्या स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड सापडली. साधा अल्कलाइन सेल गळला की ती येते. कानकोरण्याच्या कापसाला थोडा लिंबाचा रस लावून ती काढली, मग स्प्रिंग स्पिरिटने पुसून वाळवली. ते करायला हवंच होतं, पण व्हरांड्यातला आकडा काही सुधारला नाही.

शेवटी आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेलो.

"मामा, सेल चांगला आहे, मीटर साडेअकराच्या वर दाखवतोय."

"नुसता मीटर लावलास होय? त्याला काम लाव आणि मग बघ."

त्यांनी सेलच्या दोन टोकांना एक किलोओहमचा रेझिस्टर धरला. मीटरवरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर घसरत सातापर्यंत आला. रेझिस्टर काढला, पुन्हा हळूहळू अकराच्या वर. मग मामांनी पक्कडीने सेलचं पत्र्याचं कवच सोलून दाखवलं. आत दीड दीड व्होल्टचे आठ बटण सेल एकावर एक रचलेले होते, आणि त्यातल्या एकाच्या कडेला ओलसर डाग. आठांतला एक दमला की वीज त्याच्याचपाशी अडते. बटण दाबताच ट्रान्समीटरला जोर पुरत नाही, सोडलं की मीटरला सगळं छान दिसतं. नवीन सेल घातला आणि व्हरांड्याच्या टोकावरून दहातले दहा.

रिसीव्हरचं गणित वेगळं. तो सिग्नलची वाट बघत सतत जागा असतो, त्यामुळे एकही फोटो न काढता त्याचे सेल उतरतात. जेवणाच्या पंगतीच्या वेळी मी तो बंद करत नसे, आता करतो. त्यात रिचार्जेबल सेल असतील तर ते 1.2 व्होल्टच्या आसपास बराच वेळ टिकून राहतात आणि शेवटी एकदम कोसळतात, म्हणून मीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. जोडीतला एक जुना, एक नवा असंही घालत नाही. जोडीवर मार्करने तारीख लिहितो, काम संपलं की बाहेर काढतो. अक्षतांच्या अर्धा तास आधी ट्रान्समीटरचा सेल बदलायचा आणि मांडवाच्या दारापासून दहा वेळा दाबून बघायचं, हे आता माझ्या पोराला पाठ आहे. निपाणीच्या परवाच्या लग्नात त्यानेच केलं.

नंदगडच्या त्या चारांतला एक फोटो संगणकावर उजळला. नवरीचा चेहरा दिसतो, पण दाणेदार. अल्बममध्ये तो लहान करून लावला, आणि लहान का केला ते तिच्या आईंना समोर बसून सांगितलं.