गड्ड्याचा स्कोअर: क्लॅरिनेटचा पार्ट एकदाचा बसला

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवरची, म्हणजे गड्ड्यावरची, माझी चार मिनिटांची वाद्यवृंदाची रचना स्वरांपुरती दिवाळीतच पुरी झाली होती. सहा-आठचा ताल, १९२ बार (तालाचे समान तुकडे), चौदा स्टाफ (एकेका वाद्याचे स्वर लिहायच्या रेषांच्या ओळी): चार लाकडी वाद्यं, तीन पितळी, टिंपनी, हलगी आणि खाली पाच तंतुवाद्यं. तेव्हापासून म्यूझस्कोअर ४ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त मांडणी चालू आहे, आणि या कामात मी स्वर लिहिताना रमलो त्याहून जास्त रमलोय.

आधी स्कोअरचं, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेल्या कंडक्टरच्या प्रतीचं सांगतो, ते थोडक्यात आहे. ए४ वर चौदा स्टाफ मावतात, पण स्टँडपासून हातभर लांब उभ्या असलेल्या कंडक्टरला ते दिसत नाहीत. ए३ वर घेतला, स्टाफच्या दोन रेषांमधलं अंतर दीड मिलिमीटर ठेवलं, म्हणजे पाच रेषांची उंची ६ मिलिमीटर. रिकामे स्टाफ लपवायचा पर्याय चालू केल्यावर हलगी आणि टिंपनीच उरतात त्या जागी एका पानावर तीन-तीन सिस्टिम (एकत्र वाजणाऱ्या स्टाफचे गट) आल्या. अशा पानांवर सिस्टिमांच्या मधे त्या दोन तिरक्या जाड रेघा घालायला विसरू नका. नाहीतर नजर पुढच्या सिस्टिमऐवजी खालच्या स्टाफवर उतरते.

हलगीला एकरेषी स्टाफ दिला. जाड टिपरूचा ठोका रेषेच्या खाली, बारीक काडीचा वर. पाचरेषी स्टाफवर हाच ठेका उगाच गजबजलेला दिसत होता. एका रेषेवर आल्याबरोबर त्याची चाल डोळ्यांना दिसू लागली, यात्रेतले नंदीध्वज पुढे सरकताना पावलं पडतात तशी.

खरं काम पार्टांत, म्हणजे एकेका वादकाच्या स्वतंत्र प्रतींत आहे. पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे क्लॅरिनेट वाजवतात, त्यांना पहिला प्रिंट दिला. कागद कमी लागावा म्हणून मी पार्टातही ६ मिलिमीटरचाच स्टाफ ठेवला होता, म्हणजे दोन पानांत सगळं बसत होतं. काकांनी कागद हातभर लांब धरला, चष्मा वर केला, परत खाली केला. पहिल्या पानाच्या तळाशी, अठ्ठावन्नाव्या बारला, झरझर वाजणाऱ्या बारीक स्वरांची (सिक्स्टीन्थ नोट्सची) धाव ऐन मध्यावर तुटत होती. तिथं ते थांबले आणि म्हणाले, "अरे, इथं हात दोन आहेत आणि कामं तीन."

ऑर्केस्ट्रा लायब्ररियनांची 'मोला' ही संघटना पार्टसाठी ७ मिलिमीटरपेक्षा लहान स्टाफ चालवून घेत नाही. हे मी वाचलं होतं, तरी सोयीपुरतं बाजूला ठेवलं होतं. आता रेषांमधलं अंतर १.९ केलं, उंची ७.६ मिलिमीटर झाली आणि पार्ट तीन पानांवर गेला. मग ए३ कागद मधोमध दुमडला. पहिलं पान बाहेर, दुसरं-तिसरं आत समोरासमोर. म्हणजे उलटायचं एकदाच, पहिल्या पानानंतर.

आता ती जागा शोधायची. सेहेचाळीस ते बावन्न या सात बारांत क्लॅरिनेटला विश्रांती आहे. टेंपो मिनिटाला ९६ ठोके (एक ठोका म्हणजे टिंबवाला क्वार्टर स्वर), बारला दोन ठोके, म्हणजे सात बारांना पावणेनऊ सेकंद. पान उलटून वाद्य ओठाला लावायला तेवढे भरपूर. पान तोडलं ते बावन्नाव्या बारनंतर, म्हणजे सात बारांची जाड आडवी पट्टी पहिल्या पानाच्या अगदी शेवटी येते आणि दिसल्या दिसल्या हात मोकळा होतो. पहिलं पान त्यामुळे सैल झालं, तेव्हा ओळीत सहाऐवजी पाच बार घेतले. आतली दोन पानं दाट आहेत, पण वाचता येतात.

दुसरी मोठी विश्रांती चोवीस बारांची. ती नुसती मोजायला लावणं मला अन्याय वाटला. शेवटच्या दोन बारांवर खूण म्हणून फ्लूटची ओळ लहान आकारात दिली. ही ओळ फ्लूटची असली तरी क्लॅरिनेटच्या पार्टात एक पूर्ण स्वर वर लिहावी लागते, कारण काकांचं वाद्य बी-फ्लॅटचं आहे, लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजणारं. पहिल्या खेपेला मी ती मूळ पट्टीतच ठेवली होती, आणि काका मनातल्या मनात गुणगुणताना अडखळले तेव्हा ते लक्षात आलं.

शीर्षकाचा घोळही सुटला. म्यूझस्कोअरच्या एडविन फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे 'सिद्धेश्वर' कुठल्यातरी भलत्याच वळणात येत होतं. स्टाइलमध्ये जाऊन शीर्षक आणि पार्टाचं नाव या दोन्हींना मुक्ता फॉन्ट दिला. आता 'द्ध' जोडाक्षर नीट येतं.

कागदाबद्दल एक गोष्ट सोलापूरकरांसाठी. झेरॉक्सवाले हमखास ७० जीएसएम लावतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा पाचावर असल्याशिवाय सराव होत नाही आणि त्या वाऱ्यात पातळ पान स्टँडवर ठरत नाही. १०० जीएसएम मागून घ्या, दोन्ही बाजूंनी छापलं तरी मागची शाई पुढे दिसत नाही.

परवा काकांनी नवा पार्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. बावन्नला त्यांचा डावा हात आपसूक कोपऱ्याकडे गेला, पान फिरलं, त्रेपन्नाची धाव वेळेवर सुरू झाली. मी समोर बसून बोटांवर सात बार मोजत होतो. सातव्यावर ते वाद्य लावूनच बसले होते.

व्हायोलाच्या पार्टात मात्र सलग एकशेदहा बार कुठेच विश्रांती नाही. दोघं एका स्टँडवर बसतील तेव्हा आतला वादक उलटेल, असं धरून पुढच्या आठवड्यात पानं पाडणार आहे.