सांता मारिया ला रिबेरात रात्रीचं जेवण

मेक्सिको सिटीत पोटभर जेवण होतं ते दुपारी. दोन ते चारच्या सुमारास गल्लोगल्लीच्या फोंदांमध्ये, म्हणजे घरगुती खानावळींत, सूप, भात, एखादी मुख्य भाजी किंवा मटण-चिकन आणि फळाचं सरबत असं ठरलेलं जेवण मिळतं. संध्याकाळी त्यातल्या बहुतेकांची दारं बंद असतात. रात्री लोक हलकं खातात आणि ते बहुतेक सगळं मक्याचं असतं. स्वस्तात खायचं असेल तर हीच वेळ मला सगळ्यात आवडली.

त्या दिवशी ताई आणि मी शहराच्या जुन्या भागात, शिक्षण खात्याच्या इमारतीत मेक्सिकोचे चित्रकार डिएगो रिव्हेरा यांची भित्तिचित्रं पाहत होतो. आम्ही वर्ध्याचे, त्यामुळे तिथे जाण्याला एक खास कारण होतं. गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि शेतीशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे आमच्या वर्ध्याचे. ब्रिटिशांमुळे मायदेशी परतता येईना, तेव्हा 1920 च्या दशकात ते मेक्सिकोत आले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं. शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभारण्यातही ते होते. इथल्या एका चित्रात जेवणाच्या टेबलाशी बसलेला माणूस त्यांच्यावरून रंगवला आहे असं मानतात. ताई त्या चित्रापुढून हलायलाच तयार नव्हती.

तिथून मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइनने सान कोस्मेला उतरलो. तिकीट पाच पेसो, कितीही लांब जा. थोडं चाललं की सांता मारिया ला रिबेरा या वस्तीची बाग लागते. बागेच्या मध्यभागी लोखंडी, रंगीत नक्षीचा मंडप आहे, मूरिश कमानींचा. 1884-85 च्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनासाठी तो बांधला होता आणि 1910 मध्ये इथे आणून उभा केला. आम्ही गेलो तेव्हा त्याच्याखाली वयस्कर जोडपी नाचत होती. शेजारची मुलं स्केटिंग करत होती. भूक लागली नसती तर तिथेच बसून राहिलो असतो.

जेवणाची जागा एका आडव्या गल्लीत होती. फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेली चार टेबलं, आणि दाराशीच मोठा कोमाल, म्हणजे तवा. त्यामागे साठीच्या बाई होत्या. शेजारी ओल्या फडक्याखाली निळ्या मक्याच्या पिठाचा गोळा ठेवलेला. त्यांनी मुठीएवढं पीठ घेतलं, त्यात वाटलेला काळा घेवडा भरला, दोन्ही तळव्यांनी थापून टोकं निमुळती केली आणि तव्यावर टाकलं. हा त्लाकोयो. तव्यावर तेलाचा थेंब नाही. जाडी आपल्या थालीपिठापेक्षा जास्त, आणि वरून शिजवलेल्या नोपालचे, म्हणजे निवडुंगाच्या पानांचे तुकडे, कांदा, कोथिंबीर, किसलेलं चीज आणि हिरवी साल्सा.

पहिल्या घासाला जो वास येतो तो चुन्यात शिजलेल्या मक्याचा. वाळलेला मका पाण्यात खायचा चुना घालून उकळतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी टरफलं सुटतात, मग धुऊन ओलाच दळतात. याला निक्स्तामाल म्हणतात. चुन्यामुळे पीठ थापताना तुटत नाही. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला फारसं मिळत नाही, ते मोकळं होतं. युरोपने मका नेला, ही कृती मात्र नेली नाही. पुढे इटली-स्पेनच्या गरीब शेतकऱ्यांत, मक्यावरच पोट भरणाऱ्यांत, पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग पसरला. हजारो वर्षं इथल्या बायकांच्या हातात असलेलं हे ज्ञान कुठल्याही शोधापेक्षा कमी मोलाचं नाही, असं मला मनापासून वाटतं. आता तयार कोरडं पीठही सर्रास वापरतात, त्यात वेळ वाचतो. पण ओलं दळलेलं पीठ तव्यावर पडलं की फरक नाकालाच कळतो.

मग केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी. या शहरात तुम्ही सांगितलं नाही तर केसादियात चीज नसूही शकतं, म्हणून बाईंनी आधी विचारलं. एक भोपळ्याच्या फुलांची घेतली, एक वित्लाकोचेची. वित्लाकोचे पाहून ताई म्हणाली, "अरे, ही तर काणी होय!" खरंच काणी. मक्याच्या कणसावर बुरशी चढून दाणे राखाडी, फुगलेले होतात. आपल्याकडे असं कणीस शेतकरी उपटून लांब टाकतो. इथे तेच हौसेने विकत घेतात, कांदा आणि एपासोतेच्या पानांबरोबर परततात. शिजल्यावर काळं होतं, चव मशरूमच्या जवळची, मातकट आणि किंचित गोड. ताई शेतात वाढलेली, तिने आधी नुसतं बोटावर घेऊन चाखलं. नंतर दुसरी मागवली.

बाकी टेबलांवरची माणसं रोजची होती. एक शाळकरी मुलगी वह्या पसरून अभ्यास करत होती, दोन रिक्षावाले तिखट साल्सावरून वाद घालत होते. उठून जाणारा प्रत्येक जण आम्हालाही "प्रोवेचो" म्हणून गेला. सुखाने जेवा, एवढंच. अनोळखी माणसाचं जेवण चालू असताना त्याच्याकडे बघून हे म्हणायची रीत मला फार आवडली, आम्हीही निघताना सगळ्यांना म्हटलं.

शेवटी काफे दे ओया, मडक्यात दालचिनी आणि गूळ घालून उकळलेली काळी कॉफी. पैसे द्यायच्या वेळी बाईंनी आम्हालाच विचारलं, तुम्ही काय काय खाल्लं? कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. आम्ही सांगितलं, त्यांनी मनात बेरीज केली. दोघांचं मिळून दोनशे पेसोंच्या आत भागलं.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट नक्की विचारा: "कोन मांतेका?", म्हणजे चरबी घातली आहे का? घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. आमच्या बाईंकडे तो तेलात होता. नसला, तरी भोपळ्याची फुलं आणि निवडुंग आहेतच. आणि दिवस हाताशी असेल तर तेश्कोकोजवळच्या चापिंगोलाही जा. तिथल्या चॅपेलमध्ये रिव्हेरांनीच जमीन आणि शेतकरी रंगवले आहेत. आम्ही दुसऱ्या दिवशी तिकडेच निघालो, सकाळी नाश्त्याला पुन्हा त्लाकोयो खाऊन.