आधी पन्हळ, मग भिंत

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर सुपरवायझर म्हणून मी बरीच कामं केली आहेत, पण धो-धो पावसात साइटवर या असं सांगणारी आर्किटेक्ट मला पहिल्यांदाच भेटली. "कोरड्या दिवशी नुसता डाग दिसतो, पाणी कुठून येतं ते दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

इमारत म्हणजे वालुकाश्मात बांधलेलं जुनं चर्च. वेदीच्या बाजूची भिंत खालपासून छातीपर्यंत ओली होती. वर छताजवळही ओल. गिलाव्याचे पोपडे सुटलेले, त्यावर भिंतीतून बाहेर आलेल्या क्षारांची पांढरी बुरशीसारखी लव. चर्चच्या समितीने आतून वॉटरप्रूफ कोटिंग मारायचं कोटेशन आणूनच ठेवलं होतं. राहिली होती ती फक्त मॅडमची सही.

मॅडम आत गेल्याच नाहीत. छत्री मला धरायला लावून बाहेरून भिंतीच्या कडेकडेने फिरत राहिल्या. मनोऱ्यामागच्या पन्हळीतून पाणी भरून वाहत होतं, ते सरळ भिंतीच्या डोक्यावर. शिडी लावून पाहिलं तर पाइपाच्या तोंडाशी कबुतराचं घरटं. खाली येणारा बिडाचा पाइप पुढून रंगवलेला, चकचकीत. मॅडमनी पर्समधून छोटा आरसा काढला आणि पाइपाच्या मागे धरला. भिंतीकडच्या अंगाला गंजून उभी चीर गेली होती! रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही, त्यामुळे हे पाइप मागूनच सडतात. तेव्हापासून माझ्याही पिशवीत आरसा असतो.

खालच्या ओलीचं कारण निराळं होतं. फरशीवर फरशी घालत बाहेरची जमीन जोत्याच्या वर आली होती आणि कुणीतरी चुन्याचे दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, उकरून सिमेंट भरलं होतं. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो आणि भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल दगडातून निघते, क्षार दगडाच्या आत स्फटिक होतात आणि दगडाचा चेहरा भुगा होऊन गळतो. इथे सिमेंटच्या रेघा वर राहिल्या होत्या आणि त्यांच्यामधले दगड आत गेले होते. बोट फिरवलं की वाळू हाताला येत होती.

कोटिंगवरून समितीत खडाजंगी झाली. एकाने मॉइश्चर मीटरचे आकडे पुढे केले. क्षार असले की तो मीटर कोरड्या भिंतीलाही ओली ठरवतो, हे मॅडमनी शांतपणे समजावलं. शेवटी फादरच म्हणाले, "आधी घरटं तरी काढू या."

दर्जे उकरायला मिस्त्रींना ग्राइंडर हवा होता. मॅडमनी हातोडी-छिन्नीच चालेल म्हणून सांगितलं, कारण ग्राइंडर घसरला की दगडाची कड जाते. कामाला वेळ लागला, मिस्त्री कुरकुरले, पण कडा वाचल्या. नवे दर्जे चुन्याचे भरले आणि वरून ओलं गोणपाट लावलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, झटकन वाळला तर त्याचं पीठ होतं.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. खिडकीच्या कमानीवरची झिजलेली नक्षी नव्याने कोरावी असं मला वाटत होतं. मॅडमनी जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचा दाखला दिला: जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. मूळ नक्षीचा फोटो नाही, रेखाटन नाही. कमान तशीच राहिली. मला ती अजून खटकते.

आतला गिलावा बाकी आहे. जाड भिंतीला वाळायला इंचामागे साधारण महिना धरतात, त्यामुळे समितीचे फोन येतात आणि मी ते मॅडमकडे वळवतो.