हवा थोडी कमी

एप्रिलातली दुपार. जेवण झालेलं, पडवीत लवंडलो होतो, आणि फुस्स असा आवाज आला. आमच्याकडे भरदुपारी फुस्स आवाज आला की माणूस आधी पाय वर घेतो. मीही घेतले. मग मान वळवून पाहिलं तर भाचा. आदल्या रात्री पुण्याहून आलेला. खळ्यात सायकलीपाशी उकिडवा बसून चाकातली हवा सोडत होता.

"पंक्चर?"

"नाही मामा, कमी करतोय. खडीवर कमीच लागते. ३० पौंड ठेवतो."

झोप गेली. चांगली भरलेली हवा कुणी आपल्या हाताने सोडून देईल, हे माझ्या पिढीला कळणारच नाही. आमच्या बाजारपेठेत सायकलवाल्याच्या दुकानापुढे पाच-सहा भाड्याच्या सायकली उभ्या असायच्या, तासाला आठ आणे. त्यातली हवा आम्ही आंब्यासारखी अंगठ्याने दाबून बघायचो. टायर जराही दबलं तर नको. टच्च पाहिजे, दगडासारखं. मालक कुरकुरत पंप मारायचा, आणि आम्ही घड्याळाकडे बघत राहायचो, कारण हवा भरण्याची दोन मिनिटंही त्याच तासात मोजली जायची. दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालायच्या. सीटवर बसायला उंची पुरली तोवर घरात स्कूटर आली होती, पण ते जाऊ दे.

भाच्याच्या सायकलीला ग्रॅव्हल म्हणतात. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र ४० मिलिमीटर रुंद आणि खाचांचे. ना मडगार्ड, ना कॅरियर, ना स्टँड. सायकल आमच्या तुळशीला टेकवून ठेवावी लागते. "नारळ कुठे बांधायचे?" असं मी विचारलं तर तो नुसता हसला. किंमत विचारली तेव्हा मात्र हसला नाही, माझ्या बहिणीकडे बघून विषय बदलला.

विषय बदलला तो थेट अमेरिकेत. तिथे कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावाहून २००६ पासून खडीच्या रस्त्यांवरची शर्यत निघते, २०० मैलांची. म्हणजे ३२० किलोमीटर, एका दमात, गारगोटीच्या धारदार दगडांवरून. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धासुद्धा झाली. आणि फ्रान्समध्ये म्हणे १६८१ साली खुला झालेला एक कालवा आहे, २४० किलोमीटरचा. पूर्वी काठावरून घोडे चालायचे आणि दोराने होड्या ओढायचे. घोडे गेले, वाट राहिली, आता तिच्यावर सायकली. ना ट्रक, ना हॉर्न.

"आपल्याकडे पण कालवा आहे ना?" तो म्हणाला.

आहे की. तिलारी धरणाचा. महाराष्ट्र आणि गोवा, दोघांच्या वाटणीचा. घोडा त्याच्या काठावर कधी आला नसेल. म्हशी येतात, कपडे धुवायला बायका येतात, आणि मे महिन्यात उड्या मारायला पोरं, ज्यांना सगळे ओरडतात आणि जी कुणाचंच ऐकत नाहीत.

संध्याकाळी निघालो. तो त्याच्या त्या यंत्रावर, मी वडिलांच्या काळ्या सायकलीवर. तिची हवा मी निघण्याआधी टच्च भरून घेतली. हट्ट म्हणा.

मला एका शब्दाचा राग आहे, तो इथेच सांगून टाकतो. ऑफरोड. भाचा दर दहा मिनिटांनी म्हणतो, "आता ऑफरोड घेऊ." अरे, कसला ऑफ? दोन गडग्यांमधून जाते ती पाणंद. जांभ्याचे चिरे लावलेली पाखाडी. चढाची ती घाटी. व्हाळावर साकव. चालून चालून पडते ती पायवाट. एवढी नावं असलेल्या गोष्टीला रस्ता नसलेला म्हणायचं? रस्ता नंतर आला. मी सातवीत असताना आमच्या वाडीत डांबर आलं, तेव्हा आजोबांनी रोलरपुढे नारळ फोडला होता. आम्ही पोरं ऊन डांबरावर अनवाणी नाचलो, आणि रात्री आजीने प्रत्येकाचे तळवे घासलेटाने खरवडले. त्या डांबरासाठी गावाने किती अर्ज लिहिले असतील! आणि हा ते चुकवण्यासाठी एवढे पैसे मोजून आलेला.

पाणंदीवरून आजोबांचं शेजाऱ्याशी मोठं भांडण झालं होतं. शेजाऱ्याने गडगा नवा रचताना हातभर पुढे सरकवला. आजोबा तलाठ्याकडे गेले नाहीत. डोक्यावर गवताचा भारा घेतला आणि पाणंदीतून चालत गेले. भारा दोन्हीकडे अडकला. तिथेच उभे राहून म्हणाले, "भारो घेवन माणूस जावक व्हयो. पाणंद एवढी व्हयीच." शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी गडगा मागे घेतला. आमच्याकडे मोजणी अशी व्हायची.

तर कालवा. त्याच्या कडेने फिरताना माझ्या पहिल्यांदाच ध्यानात आलं की कोकणात एवढा सपाट रस्ता दुसरा नाही. इकडे घरातून निघालात की चढ, नाहीतर उतार, आणि येताना तेच उलट. पण पाण्याला अगदी हळू उतरत जायचं असतं, म्हणून कालवा डोंगराची एकच उंची धरून त्याच्या कुशीकुशीने वळत जातो. समोर हाकेवर दिसणारी वाडी, पण कालवा आधी डावीकडच्या घळीत आत शिरणार, तिथून बाहेर येणार, मग नाकाडाला वळसा. घाई असलेल्या माणसाने कालव्याच्या नादी लागू नये. आम्हाला नव्हती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काजू, आणि सडलेल्या बोंडूंचा तो वास, ज्याला वास म्हणायचं की नशा हे अजून ठरलेलं नाही. खडीवर त्याच्या टायरांचा नुसता चुरचुर आवाज. माझी सायकल मात्र मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, सगळ्यांनिशी बोलत होती. कंबरही त्यात सामील झाली. कमी हवेचं म्हणणं तेव्हा जरासं पटलं, पण तसं बोललो नाही.

वाटेत काजू गोळा करणारी एक म्हातारी भेटली. भाच्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "डांबराचो रस्तो आसा मा तकडे! हंयसून कित्याक?"

"गाड्या नाहीत ना इथे, आजी."

"गाडयो नाय, पण हत्ती येतत."

हे खरं आहे. २००२ साली कर्नाटकातून रानहत्ती घाट उतरून दोडामार्गात आले, आणि तेव्हापासून ही वाहतूक कमी-जास्त चालूच आहे. केळी, माड, भात, वाटेत येईल ते. भाच्याने फोनवरच्या नकाशात डोकं घातलं. नकाशात हत्ती दाखवत नाहीत. पुढचे दोन किलोमीटर तो माझ्या मागे होता, आणि माझी घंटी वाजते याचं त्याला कौतुक वाटायला लागलं.

कालवा सोडून वर सड्यावर चढलो. म्हणजे तो चढला, मी सायकल हातात धरून चालत गेलो. वर नुसता जांभा. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या माणसाने १८०७ साली या दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटराइट म्हटलं. चिऱ्यांची घरं बघूनच सुचलं असणार. पावसात याच कातळावर शेवाळ येतं आणि धडधाकट माणूस आडवा होतो. भाद्रपदात फटीफटींतून सीतेची आसवं उगवतात, निळीजांभळी. एप्रिलात काही नाही. तापलेला दगड आणि वारा. भाचा हात सोडून सायकल चालवत होता. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

उतरताना म्हटलं, चल, तुला आपली पाणंद दाखवतो, सरळ घराच्या मागे निघते. गेलो तर पाणंदीच्या तोंडाशी तारेची जाळी. आत काजूची नवी कलमं, ठिबकच्या नळ्या. एका बाजूचा गडगा उभा होता, दुसरा नव्हताच.

"नकाशात तर आहे," भाचा म्हणाला. ठिपक्याठिपक्यांची रेघ त्याने मला दाखवली. "तू शेवटचा कधी आला होतास इथून?"

मला आठवावं लागलं नाही, पण सांगायला वेळ लागला. आठ वर्षांपूर्वी, श्रावणात. त्याच्या आजीला नेलं तेव्हा. त्याची परीक्षा होती, त्याला उशिरा कळवलं होतं. व्हाळाकडे जायला हीच वाट. भारा जाईल एवढीच वाट ती, पण त्या पावसात एकीकडचा गडगा ढासळला होता, म्हणून चौघे मावलो.

तो जाळीकडे बघत राहिला. मग एका हाताने त्याने सायकल उचलली, जाळीवरून पलीकडे ठेवली, आणि स्वतः उडी मारून गेला. माझ्या सायकलीला हात घातला. ती गुडघ्याएवढी वर आली आणि खाली बसली.

"राहू दे," मी म्हटलं. "तू हो पुढे. मी डांबरावरून येतो."