डोरिस बर्क यांच्यासाठी

टीव्हीवर बास्केटबॉलचं विश्लेषण करणाऱ्या डोरिस बर्क यांच्यावर काही चाहते राग काढतात, कारण त्यांच्या आधीचे विश्लेषक जेफ व्हॅन गंडी यांना काढलं गेलं. म्हणून हे लिहितेय.

आज सुट्टी. भाच्याला २०१३ च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल्सचा सहावा सामना दाखवला. मायामी हीट संघ तीन गुणांनी मागे, त्यांच्या लेब्रॉनचा शॉट हुकतो, बॉश रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेतो, मागे ॲलनला पास, त्याचा तीन गुणांचा शॉट आत, आणि समालोचक माइक ब्रीन ओरडतात, "बँग!" बरोबरी, ५.२ सेकंद बाकी. अंगावर पुन्हा काटा आला. ब्रीन एरवी आवाज राखून ठेवतात, म्हणून तो एक शब्द एवढा लागतो.

त्याच फायनल्समध्ये डोरिस बर्क कोर्टच्या कडेला माइक घेऊन मुलाखती घेत होत्या. २०२४ मध्ये त्या विश्लेषक म्हणून ब्रीन यांच्या शेजारी बसल्या. टीव्हीवर एनबीए फायनल्सचं विश्लेषण करणाऱ्या पहिल्या महिला!

जेफ व्हॅन गंडी यांची मलाही आठवण येते. २०२३ मध्ये ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने त्यांना काढलं तेव्हा वाईट वाटलं होतं. पण तो राग बर्कबाईंवर का काढायचा? पिक अँड रोलमध्ये (एक खेळाडू बचावपटूची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे धावतो, ती चाल) बचाव कुठे फसला, हे त्या दोन वाक्यांत सांगतात. मी तर निम्मं बास्केटबॉल त्यांच्याकडूनच शिकले.

भाचा म्हणाला, "मावशी, आता २०२४ ची लाव." लावलीये.