पत्तीचा चहा, फळांचा चहा आणि इंदूरचं पाणी

दार्जिलिंगची अख्खी पत्ती महागाने आणायची आणि रोजच्या भुकटीसारखी पातेल्यात खळखळ उकळायची, म्हणजे पैसे पाण्यात. सीटीसीचे, म्हणजे रोजच्या कडक चहाचे बारीक दाणे मुळात दूध-साखरेपुढे टिकावेत, रंग झटपट सुटावा म्हणून चिरडून वळलेले असतात. अख्ख्या पत्तीचं मोल तिच्या वासात, आणि तो वाफेबरोबर उडून जातो. म्हणून तिच्यावर गरम पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि मुरू द्यायचं.

इंदुरात आधी पाणी बघावं लागतं. नळाला नर्मदा येत असेल तर बरंच निभावतं. बोरिंगचं पाणी जड असलं की काळ्या चहावर चकाकणारी पातळ साय धरते आणि कपाला आतून तपकिरी वळं चिकटतं. पत्तीत भेसळ आहे समजून माणूस सियागंजातल्या दुकानदाराशी वाद घालतो. प्रत्यक्षात तो पाण्यातला चुना असतो. निव्वळ आरओचं पाणीही नको, त्यात चहा सपक लागतो. आरओचं आणि नळाचं गाळलेलं पाणी अर्धं-अर्धं घ्या.

दुसरी गोष्ट तापमानाची. शहर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर नसला तर वाटीने मोजा: 3 वाट्या उकळत्या पाण्यात 25 अंशांचं पिण्याचं पाणी 1 वाटी घातलं की 80 च्या जवळ येतं, 8 वाट्यांत 1 घातली की 90. मे महिन्यात बाहेरचं पाणीच 35 च्या घरात जातं, तेव्हा माठातलं घ्या. किटली आधी गरम पाण्याने विसळा, नाहीतर तीच बरीचशी उष्णता खाते.

200 मिली पाण्याला ग्रीन टी 2 ग्रॅम, 80 अंश, 2 मिनिटं. दार्जिलिंगची मार्च-एप्रिलची पहिली खुडणी अडीच ग्रॅम, 90 अंश, 3 मिनिटं. आसामची अख्खी पत्ती तेवढीच, पण थेट उकळत्या पाण्यात, 4 मिनिटं. चमच्यावर विसंबू नका. पहिल्या खुडणीची पत्ती फुललेली असते, चमचा भरतो आणि वजन भरत नाही. छोटा वजनकाटा घ्याच. रंग फिका दिसला म्हणून सात-आठ मिनिटं ठेवाल तर तुरटपणा जिभेला चिकटेल. कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ नाही. आणि वेळ झाली की सगळा चहा गाळून घ्या. पत्ती तशीच बुडलेली राहिली तर दुसरा कप कडूच निघतो. जाळीचे छोटे गोळेही टाळा, अख्ख्या पत्तीला उलगडायला जागा लागते.

फळांच्या चहाचं तंत्र अगदी उलटं. त्यात चहाची पत्तीच नसते, त्यामुळे कडू होण्याची भीती नाही. पाणी उकळतंच हवं आणि 8 ते 10 मिनिटं झाकून ठेवायला हवं. माझ्या मते घरचं सगळ्यात चांगलं मिश्रण असं: वजनाने वाळलेल्या सफरचंदाचे तुकडे 3 भाग, लाल अंबाडीची वाळलेली बोंडं 2 भाग, संत्र्याची वाळलेली साल 1 भाग, वर दालचिनीचा लहानसा तुकडा. कपाला 4 ते 5 ग्रॅम. सालीचा आतला पांढरा भाग चाकूने खरवडून मगच वाळवा, कडवटपणा तिथेच असतो. बोंडं वाढवलीत तर आंबटपणा सफरचंदाला गिळून टाकतो. जड पाण्यात बोंडांचा लालभडक रंग जांभळट, मळकट होतो. लिंबाचे चार थेंब टाका, परत लाल होतो. दूध मात्र घालू नका, आंबटपणाने फाटतं.

उन्हाळ्यात दार्जिलिंग थंड पाण्यातही मुरते: लिटरला 10 ग्रॅम, फ्रिजमध्ये 8 तास. गार पाण्यात तुरटपणा कमी उतरतो. सुकी फळं अशी थेट गार पाण्यात टाकू नका, त्यांच्यावर जंतू असू शकतात. दुप्पट दाट करून, उकळत्या पाण्यात मुरवून गाळा, मग बर्फ घाला आणि उरलेला चहा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.